‘बेटर कॉल सॉल’ : मुरलेली की रेंगाळलेली?

उत्तररात्र
‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी गुन्हेकथा-मालिका मी दोनदा पूर्ण पाहिली आहे आणि दुसऱ्या वेळी तर शेवटचे आठ भाग एका बैठकीत संपवले होते. त्यातल्या सॉल गुडमन या वकिलाला केंद्रस्थानी ठेवून काढलेली ‘बेटर कॉल सॉल’ त्यामुळे मी मोठ्या अपेक्षेने सुरू केली. आज दुसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागावर आहे आणि इथे अडखळले आहे. सोळा भाग झाले, तरी ज्याच्या नावाची मालिका आहे तो सॉल गुडमन अजून जन्मालाच आलेला नाही. आहे तो जिमी मॅगिल, नेल सलूनच्या मागच्या खोलीत दिवस काढलेला आणि आजारी भावाला नेमाने बर्फ व वर्तमानपत्रे पोहोचवणारा एक धडपड्या वकील. पाचव्या भागात जिमीची मैत्रीण, वकील किम जेवणाच्या सुट्टीत रंगीत चिठ्ठ्या चिकटवत एकामागून एक फोन लावत राहते. किमने भेट दिलेला कॉफीचा कप नव्या गाडीतल्या कपाच्या खाचेत बसत नाही, या गोष्टीकडे मालिका पुन्हा पुन्हा वळते. माजी पोलीस माइक गाडीत बसून पाळत ठेवतो आणि त्याच्याबरोबर आपणही बसून राहतो.

माझ्या माहेरी संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मालिका चालत असत. हरवलेल्या एका मंगळसूत्राचा शोध तीन आठवडे कसा पुरवतात, हे मी त्या काळात पाहिले आहे. त्याला आम्ही ‘पाणी घालणे’ म्हणत असू. इथे छायाचित्रण उत्तम आहे, अभिनय तर फारच वरच्या दर्जाचा आहे, पण शेवटी हेही पाणीच नाही ना, अशी शंका मला येऊ लागली आहे. ज्यांनी मालिका पूर्ण पाहिली आहे त्यांनी कथानक न फोडता सांगावे : हा संथपणा लेखकांनी समजून-उमजून पत्करलेला आहे, की त्यांच्याजवळ सांगण्यासारखेच कमी होते?

माळरान
तुमची शंका रास्त आहे आणि ती बहुतेकांना याच टप्प्यावर येते. पाणी घातलेल्या मालिकेची माझी एक साधी परीक्षा आहे. मधले पंधरा भाग चुकवून सोळावा पाहिला आणि काहीच अडले नाही, तर ते पाणी. या मालिकेत एखादा लहानसा प्रसंगही वगळला, तर पुढे कुठेतरी एक सांधा निखळतो. उदाहरण द्यायचे तर तुमचे कथानक फुटेल, म्हणून एवढेच सुचवतो की दोन भागांनंतर जिमी रात्रीच्या वेळी एका झेरॉक्सच्या दुकानात धारदार पाते आणि डिंक घेऊन बसलेला दिसेल. तो प्रसंग घाईने पुढे ढकलू नका. त्याच भागाच्या आरंभी सीमेवरच्या तपासणी नाक्यावर एका मालमोटारीभोवती कॅमेरा चार मिनिटांहून अधिक वेळ कुठेही न तुटल्यासारखा फिरतो. ट्रकचालक आपल्या कामात किती सराईत आहे, हे त्यातून एकही शब्द न उच्चारता कळते.

शिवाय ‘ब्रेकिंग बॅड’ आठवणीत जितकी वेगवान वाटते तितकी ती नव्हती. तिसऱ्या पर्वाचा दहावा भाग आठवा : प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीमागे दोन माणसे जवळजवळ संपूर्ण भाग घालवतात. २०१० साली त्यावरही असेच वाद झाले होते.

पाणवठा
मी मालिका पूर्ण पाहिली आहे, ती मला आवडते, आणि तरीही माळरान यांच्याशी मी पुरता सहमत नाही. ‘समजून-उमजून पत्करलेला संथपणा’ हे अर्धसत्य आहे. मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी या स्पिनऑफचा विचार सुरू केला तेव्हा अर्ध्या तासाची विनोदी मालिका करण्याचा पर्यायही त्यांच्यासमोर होता, आणि जिमीचा सॉल बराच लवकर होईल अशी त्यांची सुरुवातीची कल्पना होती, हे त्यांनीच मुलाखतींमधून सांगितले आहे. प्रत्यक्षात वकिलीसाठी ते नाव तो चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, म्हणजे चाळिसाव्या भागात घेतो. यावरून मला दिसते ते असे, की लेखकांना वाटेत जिमी आवडला आणि त्याला निरोप द्यायला त्यांचे मन होईना. हा दोष नाही, पण याला आधीपासून आखलेला आराखडाही म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही पूर्वकथा आहे. माइक, अमली पदार्थांच्या धंद्यातले गस व हेक्टर आणि खुद्द जिमी ‘ब्रेकिंग बॅड’पर्यंत जिवंत राहणार, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माइकवर बंदूक रोखली जाते तेव्हा त्या प्रसंगातला ताण आधीच निम्मा झालेला असतो. अशा वेळी कथेने वेग घेऊन ती उणीव भरून काढावी, की आणखी संथ होऊन ती अधिक उघडी करावी? माइकच्या वाट्याच्या कथेत मालिकेने अनेकदा दुसरा मार्ग निवडला आहे, आणि तो मला चुकीचा वाटतो.

कृष्णाकाठ
मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे माझे पाहणे थोडे वेगळे आहे. पडद्यावरचा वकील बहुधा फक्त बोलताना दिसतो. प्रत्यक्षात आमच्या कामाचा मोठा वाटा कागद वाचण्यात, नकला काढण्यात, तारखेची वाट पाहण्यात आणि पक्षकाराला तीच गोष्ट चौथ्यांदा समजावण्यात जातो. ‘बेटर कॉल सॉल’ने हा वेळ गाळला नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. पहिल्याच भागात तीन आरोपींचा बचाव केल्यावर जिमीच्या हाती सातशे डॉलरचा धनादेश पडतो आणि प्रत्येकाचे सातशे धरून त्याने केलेला हिशेब कोसळतो. सरकारी योजनेतून नेमलेल्या वकिलाला तो चेहरा ओळखीचा वाटेल.

पहिल्या पर्वातले वृद्धाश्रमाचे प्रकरण पुन्हा आठवून पाहावे, अशी उत्तररात्र यांना विनंती आहे. एका आजींकडे मृत्युपत्राची फी पूर्ण भरायला पैसे नसतात, म्हणून त्या खर्चाचा तपशील दाखवतात, आणि त्या कागदावरून जिमीला संस्थेची लूट दिसते. मग तो कचऱ्याच्या पेटीत उतरतो, यंत्रातून काढलेल्या कागदांच्या चिंध्या पिशव्या भरून भावाच्या घरी आणतो आणि जमिनीवर बसून त्या जुळवू लागतो. तो थकून झोपतो, भाऊ चक मात्र काम पूर्ण करतो. विजेच्या भीतीने घराबाहेर न पडणारा हा माणूस त्या कामात इतका बुडून जातो की भागाच्या शेवटी गाडीतली खोकी आणायला सहज अंगणात चालत येतो आणि आपण बाहेर उभे आहोत याचेही त्याला भान नसते. चिंध्या जुळवण्याचे ते कंटाळवाणे काम आपल्याला पुरेसे दाखवले नसते, तर चकचे ते चार पावले चालणे चमत्कार वाटले असते. चकला वकिलीचा किती ओढा आहे, त्याच्या आजाराचे मूळ कुठे असावे आणि दोघे भाऊ एका कामावर बसले तर काय होऊ शकले असते, या तिन्ही गोष्टी त्या एका चालण्यात आल्या आहेत. पुढच्याच भागात चकबद्दल जे उघड होते त्याचा घाव म्हणूनच इतका खोल जातो.

पाणवठा यांच्या माइकविषयीच्या मुद्द्यावर मला बोलता येणार नाही. त्या जगाशी माझा परिचय नाही.

चाफा
मी न्यू जर्सीत राहतो आणि ही मालिका फेब्रुवारी २०१५ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षे, प्रसारित होईल तशी पाहिली. ‘ब्रेकिंग बॅड’चे ६२ भाग जानेवारी २००८ ते सप्टेंबर २०१३ या काळात संपले, हिच्या ६३ भागांना त्याहून जवळजवळ दोन वर्षे अधिक लागली. तिसरे पर्व जून २०१७ मध्ये संपले आणि चौथे ऑगस्ट २०१८ मध्ये आले. पाचवे एप्रिल २०२० मध्ये संपले आणि सहाव्यासाठी पूर्ण दोन वर्षे थांबावे लागले. त्या काळात महासाथ होती आणि जुलै २०२१ मध्ये चित्रीकरण चालू असतानाच जिमी साकारणाऱ्या बॉब ओडेनकर्क यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या दिवसांत कथानकाची काळजी कोणालाच उरली नव्हती. तो माणूस बरा व्हावा एवढेच आम्ही म्हणत होतो.

सांगायचे कारण असे, की आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याला संथपणा वेगळा लागतो. एका सोमवारी कपाचा प्रसंग पाहायचा, मग सहा दिवस त्याविषयी मित्रांशी बोलायचे, आणि पुढच्या सोमवारी नवा भाग. तो कप आमच्या बोलण्यात मुरत असे. सलग सहा भाग पाहणाऱ्याच्या वाट्याला मध्ये ते सहा दिवस येत नाहीत. उत्तररात्र, तुम्ही दिवसाला एकच भाग पाहून बघा, असे मी आग्रहाने सुचवेन.

‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या पर्वात सॉलला पळवून वाळवंटात नेतात तेव्हा तो घाबरून सारा दोष इग्नासिओ नावाच्या कोणावर तरी ढकलतो आणि तुम्हाला लालोने पाठवले का, असे विचारतो. २००९ मध्ये ती दोन नावे कोणाच्याही लक्षात राहिली नव्हती. त्यांपैकी एकाला तुम्ही आता नाचो म्हणून ओळखता. दुसऱ्याची वाट आम्ही २०१८ पर्यंत पाहिली, आणि तो आला तेव्हा तेवढ्या वाट पाहण्याचे चीज झाले.

माळरान
चाफा यांचे म्हणणे योग्य आहे. मला स्वतःला ही मालिका विलंबित ख्यालासारखी वाटते. बंदिश एकच असते, पण तिच्यातली प्रत्येक जागा गायक सावकाश दाखवतो आणि द्रुत येते तेव्हा त्या सगळ्या जागा आपल्या ओळखीच्या झालेल्या असतात.

पाणवठा
विलंबिताची उपमा ऐकायला गोड आहे, पण मला ती लागू पडत नाही. ख्यालात लय संथ असली तरी दर आवर्तनाला सम येते आणि श्रोत्याला तिथे विसावा मिळतो. माझी तक्रार नेमकी समेची आहे. माइकच्या कथेत कित्येकदा तीन-तीन भाग सम येतच नाही.

उत्तररात्र
सर्वांचे आभार. चाफा यांचा सल्ला मानून मी रोज एकच भाग पाहिला आणि काल रात्री तिसरे पर्व संपवले. पुढे तिसऱ्या पर्वापर्यंतचे स्पॉयलर आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातला तो प्रसंग आता कळला. जिमी बँकेच्या कागदपत्रांत पत्त्यातला १२१६ हा आकडा १२६१ करतो. त्या वेळी ती एक लबाडी वाटते. तिसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात चक शिस्तभंगाच्या सुनावणीत साक्षीला बसतो आणि ओरडून सांगतो, की तो आकडा १२१६ होता हे आपल्याला पक्के ठाऊक होते, कारण १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या सनदेनंतरचे ते पुढचे वर्ष. त्या क्षणी मला तो दुकानातला पिवळट प्रकाश, ते पाते आणि जिमीने एकेक अंक चिकटवताना लावलेला वेळ, सारे आठवले. जिमीने घालवलेला प्रत्येक मिनिट भावाचा अपमान करण्यात गेला होता, आणि मी ते मिनिट त्याच्याबरोबर घालवले होते.

पण ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ती दुसरीच आहे. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात आपला माग कोणी कसा काढला हे शोधण्यासाठी माइक भंगाराच्या आवारात आपली गाडी अक्षरशः उसवतो. आसने, दारांची आतली आवरणे, सगळे बाहेर निघते आणि हाती काही लागत नाही. मग दुकानात टांगलेली इंधनाच्या टाकीची झाकणे त्याला दिसतात, तो गाडीचे झाकण फोडतो आणि आत यंत्र सापडते. तेव्हा मी पुन्हा घड्याळाकडे पाहिले होते, हे मान्य करते. त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात चक घरातली वीज पूर्ण बंद करतो, तरी बाहेरच्या मीटरचे चक्र फिरताना त्याला दिसते, आणि त्या अदृश्य विजेच्या शोधात तो आपल्या घराच्या भिंती फोडत जातो. एक माणूस पर्वाच्या आरंभी गाडी उसवतो, दुसरा पर्वाच्या अखेरीस घर. दोघेही तितकेच चिकाटीचे, तितकेच एकटे. माइकला शोधलेली वस्तू सापडते; चकला सापडत नाही, आणि त्यानंतर कंदिलाने काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पहिला शोध दोन मिनिटांत उरकला असता, तर दुसऱ्या शोधात मी श्वास रोखून बसले नसते. कारण भिंतीमागे काहीतरी असेलच, हा विश्वास मला त्या गाडीने दिला होता.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पूर्ण मिळालेले नाही. पण ‘पाणी’ हा शब्द मी मागे घेते.

कृष्णाकाठ
मीटरचे ते फिरणारे चक्र पाहिल्यावर त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तुम्ही त्याची गाडीशी घातलेली सांगड मला सुचली नव्हती. आज पहिला भाग पुन्हा पाहीन.

पाणवठा
उत्तररात्र यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे आणि त्याने माझ्या मताला थोडा धक्का बसला, हे कबूल करतो. तरीही चौथ्या पर्वाकडे जाण्यापूर्वी सावध करतो. त्यात जर्मनीहून आलेले अभियंते आणि कामगार गससाठी जमिनीखाली प्रयोगशाळा खोदतात. ‘ब्रेकिंग बॅड’च्या प्रत्येक प्रेक्षकाने ती पूर्ण झालेली प्रयोगशाळा आतून-बाहेरून पाहिली आहे. तिचे खोदकाम सफल होणार की नाही, ही उत्कंठा तिथे निर्माणच होऊ शकत नाही, आणि कामगारांच्या कंटाळ्याचे प्रसंग पाहताना तोच कंटाळा प्रेक्षकाला येतो.

माळरान
इथे मी पाणवठा यांच्या अर्ध्या वाटेवर येतो. खोदकामाची लांबी मलाही जाणवली. पण ती कथा खोदकामाची नसून जर्मन अभियंता व्हेर्नर आणि माइक या दोघांच्या जुळत गेलेल्या मैत्रीची आहे, आणि पर्वाच्या शेवटी माइकला जे करावे लागते ते पाहिल्यावर ‘ब्रेकिंग बॅड’मधला तो कोरडा माणूस कुठून आला हे समजते. माइक जगणार हे आपल्याला ठाऊक आहे. जगताना त्याचे काय काय मरणार हे ठाऊक नाही. पूर्वकथेतला ताण मला तिथे सापडतो.

आणखी एक. त्याच चौथ्या पर्वाच्या सातव्या भागाच्या सुरुवातीला पडदा दुभंगतो आणि एका बाजूला जिमी, दुसऱ्या बाजूला किम असे त्यांचे कित्येक महिने काही मिनिटांत सरतात. एकाच ओट्यापाशी, एकाच बिछान्यात असूनही मधली रेघ दोघांना जोडू देत नाही. म्हणजे काळ वेगाने पुढे नेण्याची कला या मंडळींना उत्तम अवगत आहे. जिथे ते थांबतात, तिथे थांबायचे म्हणूनच थांबतात.

चाफा
पुढे सहाव्या पर्वाचे स्पॉयलर आहेत. उत्तररात्र, तुम्ही हा प्रतिसाद कृपया वगळा.

आमच्याकडे सर्वांत मोठा वाद २५ जुलै २०२२ च्या दहाव्या भागावर झाला. चकचा भागीदार वकील हॉवर्डचा खून झालेला, लालो संपलेला, किम निघून गेलेली, अवघे चार भाग उरलेले. आणि त्या वेळी मालिका आपल्याला ओमाहाच्या कृष्णधवल जगात नेऊन एका मॉलमधल्या दुकानातली चोरी दाखवते. सुरक्षारक्षक रोल खाण्यात किती वेळ गुंततो याचा अंदाज जीन, म्हणजे नाव बदलून लपलेला जिमी, घेतो, बर्फाळ माळावर दुकानाचा नकाशा आखून साथीदार जेफकडून सराव करून घेतो. मित्रांपैकी काही जण त्या रात्री खरोखर संतापले होते. मला मात्र तो भाग आवश्यक वाटला. इतकी वर्षे लपून राहिलेला माणूस पहिल्यांदा पुन्हा लबाडी करतो आणि तिच्यात त्याला सुख मिळते. ते सुख आपल्यालाही मिळाले नसते, तर पुढच्या दोन भागांत तो किती घसरतो याची भीती वाटली नसती.

या मालिकेला एकूण ५३ एमी नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. किम साकारणाऱ्या ऱ्हीया सीहॉर्न यांच्या बाबतीत ही गोष्ट मला आजही अन्याय वाटते. किमच्या पात्राचे निम्मे काम गप्प बसण्यात आहे, आणि तो गप्पपणा दाखवायला मालिकेने तिला पुरेसा अवकाश दिला.

पाणवठा
दहाव्या भागाबाबत मी सहमत आहे. उलट शेवटच्या चार भागांतला संथपणा मला संपूर्ण मालिकेत सर्वांत जास्त पटला, कारण तिथून पुढे जीनचे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पूर्वकथेचे जोखड तिथे उतरले होते.

उत्तररात्र
चाफा यांचा वरचा प्रतिसाद मी वाचलेला नाही. सहावे पर्व संपल्यावर वाचेन. पाचवे पर्व आज संपले. पुढे त्याचे स्पॉयलर आहेत.

पहिल्या पोस्टमध्ये मी कपाची तक्रार केली होती. वाळवंटातल्या भागात सत्तर लाख डॉलर घेऊन निघालेल्या जिमीच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव होतो, आणि नंतर त्याला दिसते की किमने दिलेल्या त्या कपालाही गोळीने भोक पडले आहे. तो घरी येतो आणि गाडी बंद पडल्यामुळे चालावे लागले, एवढेच किमला सांगतो. पुढच्या भागात त्याच्या पिशवीत तिला तो कप सापडतो. ती त्या भोकाकडे पाहते आणि काहीच बोलत नाही. त्याने खोटे सांगितले आहे, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत आणि तरीही त्याने तो कप टाकून दिलेला नाही, हे सगळे तिला एकदम कळते. दुसऱ्या पर्वात तो कप खाचेत बसवण्यासाठी जिमीने लोखंडी पान्याने गाडीची खाच ठोकली होती, तेव्हा मी मालिका बंद करून झोपायला गेले होते. काल मी तो प्रसंग शोधून पुन्हा पाहिला.

प्रयोगशाळेच्या खोदकामाबद्दल मात्र मी पाणवठा यांच्या बाजूने आहे. ते दोन भाग मला आजही लांबलेले वाटतात.